'डूड' कधी, कुणाला आणि कुठल्या सुरात म्हणायचं: अमेरिकन इंग्लिशमध्ये नवीन असणाऱ्यांसाठी

अमेरिकेत शिकायला किंवा कामाला गेलेल्या मंडळींचं इंग्लिश बहुतेक वेळा चांगलंच असतं. ग्रामर पक्कं, रिपोर्ट व्यवस्थित, मीटिंगमध्ये मुद्देसूद बोलतात. गाडी अडते ती मीटिंग संपल्यावर, जेव्हा तीच माणसं कॉफी घेऊन कोपऱ्यात उभी राहतात आणि एकदम वेगळंच इंग्लिश सुरू होतं, भराभर, अर्धवट वाक्यांचं, आणि त्यात सारखा एक शब्द येत राहतो, डूड. डिक्शनरीत बघावं तर अर्थ मिळतो पुरुष, गडी, माणूस. तो अर्थ लावून वाक्य समजून घ्यायला जावं तर काही हाती लागत नाही, कारण बऱ्याचदा तिथे कुठल्या माणसाबद्दल बोलणंच चालू नसतं.

माझं म्हणणं असंय की हा शब्द अर्थ पाठ करून येतच नाही. तो सुरावरून आणि समोरच्याशी असलेल्या नात्यावरून कळतो, आणि मराठी बोलणाऱ्याला तर तो लवकर कळायला हवा, कारण 'अरे', 'राव', 'बाबा', 'यार' या शब्दांनी आपण दिवसभर हेच करत असतो. 'काय राव!' यात राव कोण असं कुणी विचारत नाही. तसंच हे. खाली पायरीपायरीने लिहितोय, फक्त एक करा, क्रम मोडू नका. आधी ऐकायला शिका, बोलायचं सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला थोडा इतिहास, कारण त्याने पुढचं सोपं जातं

हा शब्द मुळात कौतुकाचा नव्हता, चेष्टेचा होता. १८८३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत तो एकदम गाजला, आणि तेव्हा डूड म्हणजे घरचा पैसा असलेला, कपड्यांचं नको इतकं वेड असलेला, उंच कॉलर, घट्ट पँट, हातात छडी, आणि बोलण्यात इंग्लंडच्या लोकांची नक्कल करणारा तरुण. इव्हँडर बेरी वॉल नावाचा एक न्यूयॉर्कचा श्रीमंत माणूस तर 'किंग ऑफ द डूड्स' म्हणूनच प्रसिद्ध होता. शब्द आला कुठून यावर बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन या दोन अभ्यासकांनी बरीच वर्षं जुनी वर्तमानपत्रं चाळली, आणि त्यांच्या मते तो 'यँकी डूडल' या जुन्या गाण्यातल्या डूडलवरून आलाय, ज्या गाण्यात टोपीत पीस खोचून रुबाब करणाऱ्या माणसाची खिल्ली आहे. इंटरनेटवर एक गोष्ट फिरत असते की डूड म्हणजे हत्तीच्या पार्श्वभागावरचा केस, ती साफ खोटी आहे, कुणी पाठवली तर पुढे पाठवू नका.

मग पूर्वेकडच्या शहरांतली ही नटलेली मंडळी पश्चिमेकडच्या गुरांच्या रँचवर सुट्टीला जायला लागली, घोड्यावर बसायची हौस, आणि तिथल्या काउबॉय लोकांनी शहरी नवख्या पाहुण्याला डूड म्हणायला सुरुवात केली. पाहुणे ठेवणाऱ्या रँचला आजही डूड रँच म्हणतात, वायोमिंग, मोंटाना भागात बोर्ड दिसतात, आणि तिथे हा शब्द अजूनही त्याच जुन्या अर्थाने आहे. तेवढी एक जागा लक्षात ठेवा.

चेष्टेचा शब्द आपुलकीचा झाला तो नंतर. विसाव्या शतकात, साधारण तीस-चाळीसच्या दशकांत, झूट सूट (लांब, ढगळ कोट आणि ढगळ पँट) घालणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी तो आपसात वापरायला घेतला, त्यांच्याकडे झकास कपडे घालणं ही टिंगलीची गोष्ट नव्हतीच, अभिमानाची होती, मग डूड म्हणजे आपला माणूस असं होत गेलं. तिथून तो कॅलिफोर्नियातल्या सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग करणाऱ्या पोरांकडे आला, आणि १९८० च्या दशकातल्या हॉलिवूड सिनेमांनी तो जगभर पोचवला. म्हणून आजही या शब्दाला एक निवांत, 'एवढं काय टेन्शन घ्यायचं' असा वास आहे. हा वास पुढच्या प्रत्येक पायरीत कामाला येणार आहे.

पायरी १: उच्चार

आपण मराठीत ड्यूड असं लिहितो आणि म्हणतोही तसंच, मध्ये एक 'य' घालून. अमेरिकेत तो 'य' नसतो, सरळ डूड. म्हणून या लेखात मी डूड असंच लिहितोय, डोळ्याला सवय होऊ दे. दुसरं म्हणजे आपला 'ड' म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, इंग्लिशमधला त्या मानाने पुढे असतो, वरच्या दातांच्या अगदी मागे जो उंचवटा लागतो तिथे, म्हणजे आपल्या 'द' आणि 'ड' च्या मधोमध कुठेतरी. शेवटचा 'ड' पूर्ण फोडायचा नाही, जीभ तिथे लावून सोडून द्यायची. 'डूड्ड' असं दणकून म्हटलं की रागावल्यासारखं वाटतं.

आणि मधला 'ऊ' हा या शब्दाचा खरा जीव आहे, तो हवा तेवढा ताणता येतो. त्यावर पायरी ३ मध्ये.

पायरी २: डूड दोन आहेत, आधी कुठला चाललाय ते ओळखा

एक असतो नाम. 'सम डूड आस्क्ड मी फॉर डिरेक्शन्स', म्हणजे कुणीतरी एका माणसाने मला रस्ता विचारला. 'दॅट डूड इज टॉल', तो माणूस केवढा उंच आहे. 'द आयटी डूड', आयटीवाला तो, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही किंवा सांगायची गरज नाही. या वापरात डूड म्हणजे जवळजवळ नेहमी पुरुषच, आणि त्याच्या आधी अ, द, दॅट, सम, धिस असं काहीतरी असतं. ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

दुसरा असतो हाकेचा. 'डूड, युअर फोन इज रिंगिंग.' इथे आधी काही नाही, पुढे स्वल्पविराम. हा आपला 'अरे'. 'अरे, तुझा फोन वाजतोय.' गंमत म्हणजे या डूडला 'मित्रा' असं भाषांतर करून बघितलं की वाक्य नाटकी होतं आणि 'अरे' टाकलं की बरोबर बसतं, म्हणून मनातल्या मनात भाषांतर करायची सवय असेल तर 'मित्रा' विसरा, 'अरे' नाहीतर 'राव' धरा.

नवख्या माणसाचा घोळ जास्त करून इथेच होतो. नामाचा डूड पुरुषासाठी असतो हे कळलं की तो हाकेचा डूडही पुरुषासाठीच असणार असं धरून चालतो आणि मग दोन मुली एकमेकींना डूड म्हणताना ऐकून गोंधळतो. त्या काही चुकीचं बोलत नाहीयेत, हाकेच्या डूडमधला पुरुष कधीच पातळ झालाय.

नामाचे अजून दोन-चार प्रकार कानावर पडतील. 'लिटल डूड' हे लहान मुलाला लाडाने म्हणतात. 'माय डूड' म्हणजे 'आपला भाऊ', पण अनोळखी माणसाने तुटक आवाजात म्हटलं तर त्यात थोडी दटावणी असू शकते. 'डूडब्रो' हा टीकेचा शब्द आहे, उगाच मर्दानगी मिरवणाऱ्या पोरांसाठी, तो कुणाच्या तोंडावर म्हणू नका. आणि 'ऑल डूडेड अप' म्हणजे नटूनथटून, हा आता क्वचित ऐकू येतो पण त्यात १८८३ चा जुना अर्थ जसाच्या तसा राहिलाय.

पायरी ३: सूर ऐका

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि इथे घाई करू नका. हाकेचा डूड एकटाच अख्खं वाक्य होऊ शकतो, आणि त्याचा अर्थ पूर्णपणे सुरात असतो.

एक उदाहरण घेऊ. दोन रूममेट आहेत, रात्रीची वेळ, सकाळी प्रोजेक्ट सबमिट करायचंय. पहिला लॅपटॉपवर, दुसरा आत येतो.

आत येताच दुसरा म्हणतो, 'डूड.' छोटा, सपाट, सूर खाली उतरणारा. त्याची नजर सिंककडे आहे, तिथे तीन दिवसांची भांडी पडलीयेत. अर्थ: अरे काय हे. पुढे एक शब्दही बोललेला नाही, पण तक्रार पोचली, आणि भांडण मात्र झालेलं नाही. पहिला म्हणतो, 'आय नो, डूड, आय नो', इथे डूड शेवटी, हलका, जवळजवळ न ऐकू येणारा. अर्थ: हो रे बाबा, कळतंय मला. थोड्या वेळाने पहिल्याचा लॅपटॉप हँग होतो, फाइल सेव्ह केलेली नाही, आणि तो हळू आवाजात ताणून म्हणतो 'डूऽऽड', सूर वरून खाली घसरत गेलेला. दुसरा ते ऐकूनच उठून येतो, कारण काय झालं हे सांगायची गरजच नाही, काहीतरी मोठं गेलंय एवढं कळलंय. मग ऑटोसेव्हची कॉपी सापडते आणि पहिला ओरडतो 'डूड!', आखूड, उंच, आनंदाचा. अर्थ: वाचवलंस राव!

चारही वेळा शब्द एकच होता. डिक्शनरीतला 'पुरुष' हा अर्थ एकाही ठिकाणी उपयोगी पडला नाही.

आता हे सूर सुटे करून बघू. वर चढणारा 'डूड?' म्हणजे प्रश्न, 'अरे आहेस ना', 'ऐकतोयस ना', किंवा 'खरंच का'. आखूड आणि जोरात 'डूड!' म्हणजे आनंद किंवा सावधान, गाडी अंगावर येतेय वगैरे, कुठलं ते चेहऱ्यावरून कळतं. लांबवलेला आणि वर-खाली होणारा 'डूऽऽऽड' म्हणजे कौतुक, 'काय भारी आहे हे', समुद्र बघून, गाणं ऐकून, कुणाची नवी सायकल बघून. लांबवलेला आणि फक्त खाली जाणारा म्हणजे सहानुभूती नाहीतर निराशा, 'अरेरे'. सपाट आणि आखूड म्हणजे नाराजी. त्यानंतर 'नॉट कूल' आलं, म्हणजे 'डूड, नॉट कूल', तर समजून जा की मर्यादा ओलांडली गेलीये आणि समोरचा मैत्रीत राहूनच तुम्हाला थांबवतोय. हा इशारा हलका वाटला तरी खरा असतो, लगेच थांबा.

पिट्सबर्ग विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ स्कॉट किसलिंग यांनी या एका शब्दावर २००४ साली 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात अख्खा शोधनिबंध लिहिला. त्यासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी कानावर पडलेले डूड वहीत टिपून आणले होते, कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, कुठे म्हणालं. त्यांनी या शब्दाच्या मुळाशी असलेल्या भावनेला 'कूल सॉलिडॅरिटी' म्हटलं, म्हणजे जवळीक आहे पण फार जवळीक नाही, आपुलकी आहे पण ती उघडी करून दाखवायची नाही, आणि सगळं कसं निवांत. मला हे निरीक्षण फार पटतं. तरुण पोरांना एकमेकांबद्दल वाटतं ते थेट बोलणं अवघड जातं, डूड ते काम करतो, 'आय मिस यू' म्हणायच्या जागी 'डूड, व्हेअर हॅव यू बीन' म्हणता येतं. आणि वाईट बोलायचं असेल तरी डूड त्याची धार कमी करतो. 'यू आर राँग' हे कडक आहे, 'डूड, यू आर राँग' यात भांडणाचा दरवाजा बंद केलेला आहे.

पायरी ४: कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

किसलिंग यांच्या त्या अभ्यासात हेही दिसलं होतं की हा शब्द सगळ्यात जास्त तरुण मुलं एकमेकांना म्हणतात, मुली एकमेकींना म्हणतात, मुलं-मुली आपसात त्यापेक्षा कमी, आणि जोडीदार, आईवडील, प्रोफेसर, बॉस यांच्या बाबतीत तो मागे राहतो. त्याचं कारण वरच्या कूल सॉलिडॅरिटीत आहे. डूड दोघांना एका पातळीवर आणतो, म्हणून जिथे पातळीचा फरक आहे तिथे तो उद्धट वाटतो, आणि जिथे जवळीक फार खोल आहे, म्हणजे प्रेमात, तिथे तो थंड वाटतो. समोरचा मनापासून काही सांगत असताना त्याला डूड म्हटलं की 'मला यात पडायचं नाही' असं ऐकू जाऊ शकतं.

इथे मराठी माणसाने एक गोष्ट नीट समजून घ्यायची. आपल्याकडे 'सर', 'मॅडम', 'साहेब' सुटलं आणि नुसत्या नावाने हाक मारायला लागलो की आपल्याला वाटतं चला, अरे-तुरे सुरू झालं. अमेरिकन ऑफिसात तसं नाहीये. तिथे कंपनीच्या सगळ्यात वरच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात आणि ते पूर्ण आदराचं असतं, म्हणजे त्यांचं पहिलं नाव हे आपल्या 'अहो' च्या जागी आहे. अरे-तुरेची पायरी त्याच्या पुढची, आणि डूड त्या पुढच्या पायरीवर बसलाय. मॅनेजर म्हणाला 'कॉल मी स्टीव्ह', तर त्याने स्टीव्ह म्हणायची परवानगी दिलीये, डूड म्हणायची नाही.

ज्यांना म्हणायचं नाही ते असे: प्रोफेसर (त्यांनी स्वतः दुसरं काही सांगेपर्यंत प्रोफेसर आणि आडनाव), इमिग्रेशन काउंटरवरचा अधिकारी, रस्त्यावर थांबवलेला पोलीस (त्याला ऑफिसर), जज, डॉक्टर, इंटरव्ह्यू घेणारे, क्लायंट, मित्राचे आईवडील, कुणीही वयस्कर अनोळखी माणूस. यातल्या पोलिसाच्या बाबतीत तर ऐकलेली सवय तोंडात आली तरी गिळायची, तिथे तुमचा निवांतपणा निष्काळजीपणा म्हणून घेतला जाऊ शकतो.

ज्यांना चालतं ते: रूममेट, क्लासमेट, बरोबरीचे सहकारी ज्यांच्याशी कामाबाहेर गप्पा होतात, जिममध्ये, मैदानावर, गेम खेळताना सोबत असलेले. वय जवळपास असलं की सोपं जातं, पण वय हीच अट आहे असं नाही, आता चाळिशी-पन्नाशीतले अमेरिकन लोकही आपल्या जुन्या मित्रांना सहज डूड म्हणतात कारण ते ८० आणि ९० च्या दशकात हाच शब्द बोलत मोठे झाले.

मधली मंडळी असतात त्यांच्यासाठी नियम सोपा आहे. आधी समोरच्याने म्हणू द्या. त्याने तुम्हाला दोन-तीनदा सहज म्हटलं, हसून म्हटलं, की तुम्हाला मोकळीक आहे. बॉसने तुम्हाला म्हटलं तर मात्र ही मोकळीक आपोआप परत मिळत नाही, वरून खाली येणारा डूड आपुलकीचा असतो, खालून वर जाणारा धाडसाचा. थोडं थांबा, बाकीचे सहकारी त्याला काय म्हणतात ते बघा.

पायरी ५: मुलींना डूड म्हणायचं का

वर सांगितलं तसं हाकेचा डूड बऱ्यापैकी सगळ्यांना चालतो, आणि कॅलिफोर्नियासारख्या भागात तर कुणी त्याचा विचारही करत नाही. पण 'बऱ्यापैकी' हा शब्द महत्त्वाचा आहे. काही बायकांना तो अजिबात आवडत नाही, त्यांना वाटतं आपल्याला पोरांच्या खात्यात टाकलं, आणि त्यांचं वाटणं बरोबर आहे कारण नामाचा डूड आजही पुरुषच आहे. शिवाय ट्रान्स स्त्रियांना हा शब्द फार लागू शकतो, जन्मभर ज्या ओळखीतून बाहेर पडायला झगडल्या तीच ओळख कुणीतरी सहज परत चिकटवल्यासारखी. 'अहो पण हा सगळ्यांसाठी असतो' हा वाद तिथे घालायचा नसतो. कुणी म्हणालं 'प्लीज डोन्ट कॉल मी डूड', तर 'सॉरी, गॉट इट' एवढं म्हणायचं आणि त्या क्षणापासून नावाने बोलायचं. खुलासा नको, लांबलचक माफी पण नको.

मुलींसाठी 'डूडेट' असा शब्द आहे खरा पण तो कुणी गंभीरपणे वापरत नाही, तुम्हीही नका वापरू. आणि घोळका असेल तर 'डूड्स' अशी हाक मारायचीच गरज नाही, तो फक्त पोरांचा घोळका वाटतो. 'गाइज' जास्त चालतो, त्यावरही काहींचा आक्षेप असतो, मग 'एव्हरीवन', 'फोक्स' किंवा 'यू ऑल' हे सगळ्यात सुरक्षित.

पायरी ६: वाक्यात कुठे बसतो

तीन जागा आहेत. सुरुवातीला आला की लक्ष वेधतो किंवा नवीन विषय सुरू करतो, 'डूड, गेस व्हॉट'. शेवटी आला की वाक्य मऊ करतो, 'थँक्स, डूड', 'नो वरीज, डूड'. एकटा आला तर पायरी ३. मध्ये सहसा येत नाही, दोन वाक्यांच्या सांध्यावर येतो तेवढंच.

नावाला जोडायचा नाही. आपल्याकडे नावापुढे भाऊ, दादा लावायची इतकी सवय असते की 'माइक डूड' असं तोंडातून जातं, तसं इंग्लिशमध्ये होत नाही, एक तर माइक म्हणा किंवा डूड. 'सर' आणि 'डूड' एका वाक्यात तर नकोच. दर वाक्याला नको, सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे नको. 'डूड, आय डोन्ट नो, डूड' असं अमेरिकन माणसाच्या तोंडी सहज वाटतं पण नव्याने शिकणाऱ्याच्या तोंडी ते पाठ केल्यासारखं ऐकू येतं.

पायरी ७: लिहिताना

ईमेलमध्ये नाही. मित्राला पाठवलेल्या ईमेलमध्ये ठीक, पण ऑफिसच्या ईमेलमध्ये मित्रालाही नाही, कारण ईमेल पुढे फॉरवर्ड होतो आणि चौथ्या माणसाला तुमची मैत्री माहीत नसते. ऑफिसच्या चॅटमध्ये दोघांत चालतं, ग्रुपमध्ये जपून.

मेसेजमध्ये मोठी अडचण ही की सूर दिसत नाही. नुसतं 'डूड' आणि पुढे पूर्णविराम पाठवला की वाचणारा तो सपाट, नाराजीचा डूड म्हणून वाचतो, तुमच्या मनात काहीही असो. म्हणून अमेरिकन लोक मधला स्वर वाढवून टाइप करतात, त्यातलं यू अक्षर चार-पाच वेळा, म्हणजे वाचणाऱ्याला ताण ऐकू येतो, किंवा उद्गारचिन्ह टाकतात. तुम्हीही तेच करा नाहीतर पुढे पूर्ण वाक्य लिहा. स्वल्पविराम विसरू नका, विशेषतः 'लेट्स ईट, डूड' सारख्या वाक्यात, नाहीतर डूडलाच खाऊया असा अर्थ होतो.

पायरी ८: भाऊबंद

डूड एकटा नाही, त्याच्या शेजारी 'मॅन', 'ब्रो', 'बडी', 'मेट' असे बरेच आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. 'मॅन' सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी धोक्याचा, 'थँक्स, मॅन' कुठल्याही बरोबरीच्या पुरुषाला चालतं. 'ब्रो' जास्त तरुण, जास्त पुरुषी, त्यात थोडी जिम आणि पार्टीची छटा, आणि हल्ली शाळा-कॉलेजच्या पोरांत तो डूडच्या पुढे गेल्यासारखा कानावर येतो. 'बडी' फसवा आहे, लहान मुलाला किंवा जवळच्या मित्राला म्हटला तर गोड, पण अनोळखी माणसाने 'लिसन, बडी' म्हटलं तर तो चिडलाय असं समजा. 'मेट' हा ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचा, तिथे डूड सगळ्यांना कळतो पण अमेरिकन वाटतो, त्यामुळे लंडनला किंवा सिडनीला जाणार असाल तर डूडवर फार मेहनत घेऊ नका, 'मेट' ऐकायला शिका.

पायरी ९: आता स्वतः

पहिले काही आठवडे फक्त ऐका. कुठे ऐकला, कोण कुणाला म्हणालं, सूर वर गेला की खाली, आणि पुढे काय झालं, हसले की गप्प झाले, हे मनात टिपत राहा. पॉडकास्ट आणि गेम खेळणाऱ्यांचे लाइव्ह व्हिडिओ यासाठी फार उपयोगाचे, कारण तिथे माणसं लिहून आणलेलं बोलत नाहीत. ऐकलेलं वाक्य थांबवून तसंच्या तसं म्हणून बघा, शब्द नका बघू, नुसती चाल पकडा.

मग सुरुवात 'थँक्स, डूड' पासून करा. हे सगळ्यात सोपं, शेवटी येतं, सूर हलका, भावना चांगलीच असते, चुकायला जागाच कमी. ते तोंडात बसलं की 'नो वरीज, डूड', मग कौतुकाचा 'डूड, दॅट्स ऑसम'. विरोध करायचा किंवा नाराजी दाखवायचा डूड सगळ्यात शेवटी घ्या, त्यात सूर जरा हलला तरी अर्थ फिरतो.

आणि नाही आवडला हा शब्द तर वापरू नका, खरंच. कित्येक अमेरिकन लोक आयुष्यात डूड म्हणत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. तुम्हाला कुणी 'डूड, यू कमिंग?' विचारलं तर उत्तरात डूड परत द्यायची सक्ती नसते. 'येस, वन मिनिट' म्हणायचं आणि निघायचं.